पीसीची यादी पाहिली, आता माझं ऐक

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू स्वतः जोडणार असलेल्या नव्या पीसीच्या पार्टची पाठवलेली यादी काल दुकान बंद केल्यावर नीट बसून वाचली. फोनवर बोलायला घेतलं की तू घाईत असतोस आणि "हो गं आई, बघतो" म्हणून विषय मिटवतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय. सावकाश वाच आणि पूर्ण वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नकोस.

यादी वाईट नाहीये, अभ्यास केलायस हे दिसतंय. पण ग्राफिक्स कार्डाबद्दल तू पाच ओळी लिहिल्यास, काचेच्या कॅबिनेटबद्दल तीन, लाइटवाल्या पंख्यांबद्दल दोन, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पुढे नुसतं "५५० वॅट, कुठलाही". यूपीएसचं तर नावच नाही. मला हे बरोबर उलटं करून हवंय. कार्ड तू दोन-तीन वर्षांनी बदलशीलच, रॅम वाढवशील, पण एसएमपीएस, कॅबिनेट आणि यूपीएस तुझ्याबरोबर शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंत राहणार आहेत, आणि बाकी सगळे महागडे पार्ट जगणार की मरणार ते याच तिघांवर आहे. तू ज्यांचे व्हिडिओ बघतोस ते लोक एसीच्या खोलीत, स्थिर विजेवर, टेबलावर उघडी मशीन ठेवून टेस्ट करतात. तुझी मशीन वर्षभर पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणि मे महिन्यात अकोल्याला चालणार आहे, तिथलाच विचार करून पार्ट निवडायचे.

आपल्या दुकानातला पत्रिका डिझाइन करायच्या कोरल सॉफ्टवेअरचा जुना पीसी तुला आठवत असेल, तू लहान होतास. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता त्यात, वर ४५० वॅटचं स्टिकर आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्याएवढा हलका. ऐन लग्नसराईत लाइट गेली, आली ती जोरात आली, फटकन आवाज झाला आणि एसएमपीएस एकटा गेला नाही, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. पत्रिकांच्या सगळ्या फाइली त्यात होत्या. चांगल्या एसएमपीएसमध्ये जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट अशी वेगवेगळी संरक्षणं असतात, काही बिघडलं तर तो स्वतः बंद पडतो, पुढच्या पार्टवर जाऊ देत नाही. पैसे त्याचे द्यायचे असतात. तू ६५० वॅटचा घे, ८० प्लस ब्रॉन्झ तरी हवाच, जमलं तर गोल्ड. ब्रॉन्झ म्हणजे निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के आणि गोल्ड म्हणजे ९० टक्के वीज कामाला येते, उरलेली उष्णता होऊन तुझ्याच खोलीत येते. पण हा बिल्ला फक्त कार्यक्षमतेचा आहे, मजबुतीचा नाही, म्हणून वॉरंटी बघ, पाच वर्षं किंवा जास्त असेल तरच घे. आणि एक लक्षात ठेव, मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलवाल्या, एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि एसएसडी जळते.

आता अर्थिंग. तू मागे म्हणाला होतास ना की रूमवर मित्राच्या पीसीला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि तुम्ही सगळे हसत होतात. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यातले छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर तिथून येणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर अख्खं कॅबिनेट २३० च्या अर्ध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी कमी म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना तेच व्होल्टेज पोर्टमधून आत शिरतं आणि पोर्ट जातो, कधी मॉनिटर जातो. तेव्हा पार्ट यायच्या आधी खोलीतला सॉकेट वायरमनकडून तपासून घे. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. घरमालक कुरकुर करतील, पैसे आपण देऊ असं सांग. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये घुसवायचा नाही, म्हणजे नाहीच.

यूपीएसचंही गणित बघ, कारण दुकानदार सगळ्यांना ६०० व्हीएचाच देतात. त्यातून मिळतात ३६० वॅट. तुझं कार्ड एकटं १८० वॅट खाणार, प्रोसेसर, बोर्ड, पंखे आणि मॉनिटर धरून रेंडरला, म्हणजे मॉडेलचं चित्र तयार करताना, सव्वातीनशे-साडेतीनशे वॅट सहज होतात, म्हणजे अगदी काठावर, आणि बॅटरी थोडी जुनी झाली की लाइट जाताक्षणी मशीन बंद. १००० किंवा ११०० व्हीएचा घे, त्यात ६००-६६० वॅट मिळतात. त्यावर तासभर काम करायचं नसतं, पाच मिनिटांत फाइल सेव्ह करून शट डाऊन करायचं एवढंच. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तो खर्च आत्ताच मनात धरून ठेव. रूमवरचा लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, तो तापताना एवढी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

मग उष्णता. यातलं गणित साधं आहे, पण कुणी सांगत नाही. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश चढू द्यायचं ते ठरवतो. २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७२ दाखवतो तो ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास जाणार. तुझ्या यादीतला प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला, त्याची मर्यादा ९५ अंश, तिथे पोहोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो हे तुला मी सांगायला नको. म्हणून पुढून सगळी काच असलेला कॅबिनेट नको, पुढे जाळी असलेला घे, दोन पंखे पुढून हवा आत घेणारे आणि एक मागून बाहेर टाकणारा. लिक्विड कूलरची तुला गरज नाही. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, दोनेक हजारांचा १२० एमएम पंख्याचा एअर कूलर त्याला आरामात सांभाळतो, आणि त्यात पंप नाही, पाणी नाही, बिघडलाच तर फक्त पंखा बदलायचा. सुट्टीत मशीन घरी आणलीस तर डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नकोस. हवा गार लागते खरी, पण ओली असते, आणि तीच धुळीबरोबर बोर्डवर चिकटते.

प्रोसेसर तू ७६०० घेतलायस ते मला आवडलं. बाबांचं म्हणणं इंटेल घे, दुकानात सगळे इंटेलच आहेत आणि चांगले चाललेत. मी त्यांना सॉकेटचं, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, सांगितलं. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ ला आला आणि २०२२ मध्येसुद्धा त्याच सॉकेटसाठी ५८००एक्स३डीसारखा जोरदार प्रोसेसर निघाला, म्हणजे जुन्या बोर्डवाल्यांना बोर्ड न बदलता पुढे जाता आलं. एएम५ २०२२ चा आहे आणि त्याला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं कंपनीनेच सांगितलंय. तू तिसऱ्या वर्षी फक्त प्रोसेसर बदलू शकशील, माझ्या दृष्टीने हाच मोठा फायदा. ७६०० मध्ये बारीकसं ग्राफिक्स आतच आहे हेही चांगलं, कार्ड नसलं तरी स्क्रीन चालू होते. थोडे पैसे वाचतात म्हणून ७५००एफ घेऊ नकोस, एफवाल्यात ते नसतं आणि कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं तर तेवढे दिवस तू हातावर हात ठेवून बसशील.

रॅमचं मात्र मलाही वाईट वाटतंय. २०२५ च्या शेवटी भाव जे भडकले ते एआयच्या डेटा सेंटरमुळे, चिप बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि आपल्यासारख्यांना उरलेल्यासाठी जादा मोजावे लागतायत. तरी एक १६ जीबीची स्टिक आत्ता आणि दुसरी नंतर असं करू नकोस. एकाच पाकिटातल्या दोन १६ च्या घे, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या डीडीआर५ स्टिक एकमेकींशी जुळतीलच असं नाही, आणि चार लावल्या तर स्पीड खाली येतो. तुमच्या आर्किटेक्चरच्या कामाला ३२ जीबी लागतेच. पैसे कमी पडत असतील तर कार्ड दोन महिने थांबव. रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एका कोरवर चालतं, पहिल्या सेमिस्टरच्या साध्या मॉडेलला आतलं ग्राफिक्स कसंबसं पण चालेल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर सुरू केलंस की मात्र कार्ड हवंच, आणि तेव्हा ५०६० टीआय कार्ड घेशील तर १६ जीबीवालं घे, तुझ्या यादीत ८ जीबीवालं आहे. सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की रेंडर एकतर कासवाच्या गतीने चालतं नाहीतर मधेच बंद पडतं. जुनं वापरलेलं कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस, बिल आणि वॉरंटी नसलेली वस्तू परत न्यायला दार नसतं.

मॉनिटरबद्दल मी हट्ट करणार आहे. यादीत २७ इंची फुल एचडी आहे, तो नको. त्यात एका इंचात ८२ च्या आसपास पिक्सेल येतात, आणि एवढ्यात देवनागरीची काय दशा होते ते मी रोज बघते. रफार मात्रेला चिकटतो, अनुस्वार आणि वेलांटी एक होऊन नुसता काळा ठिपका दिसतो, "द्ध" आणि "द्ध्य" ओळखायला झूम करावं लागतं. तुझ्या ड्रॉइंगमधल्या बारीक रेषांचंही तेच होणार. २४ इंची फुल एचडी घे, इंचाला ९२ पडतात, किंवा २७ च हवा असेल तर १४४० पीचा, म्हणजे फुल एचडीपेक्षा जास्त पिक्सेलचा, त्यात १०९ पडतात. पॅनल आयपीएस प्रकारचं. डोळे एकदाच मिळतात, त्यात मी पैशाकडे बघणार नाही, वरचे लागतील ते मी देईन.

जोडताना घाई करू नकोस. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली की वॉरंटी गेली. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही, आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण निघालं की फेकायचं नाही, बोर्ड कधी सर्व्हिसला द्यायचा झाला तर ते लावूनच द्यावं लागतं. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढ. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मॉनिटरची केबल कार्ड लावल्यावर कार्डात, बोर्डात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील, कधी कधी पाच-दहा मिनिटं. घाबरून बटण दाबू नकोस, बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, त्याला वेळ दे, पुढच्या वेळी लवकर होतं. मग बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो हे रॅमच्या स्पीडचं सेटिंग चालू कर, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वरच चालत राहील.

कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढलेल्या राहू देऊ नकोस, पावसाळ्यात तिथून मुंग्या आणि पाली आत शिरतात, एसएमपीएसमध्ये पाल गेली की दोघं संपतात. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद ठेवू नकोस, दोन-तीन दिवसांनी तासभर चालू कर म्हणजे ओल धरत नाही. दिवाळीत घरी आणशील तेव्हा आपण ब्लोअर मारू, पण पंख्याला बोट लावून धरूनच, वाऱ्याने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर मामाला घेऊन जा, भाव कमी होईल पण जीएसटीचं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नकोस. "बिल न घेता हजार कमी करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. प्रोसेसर सील असलेल्या डब्यातला घे, ट्रेमधला सुटा नको. सगळ्या बिलांचे फोटो मला पाठव, मी इथे एका फोल्डरमध्ये ठेवते.

बाबा रविवारी पुण्याला येतायत, मल्टिमीटर त्यांच्या बॅगेत टाकलाय, वायरमन आला की दोघं मिळून सॉकेट बघा. आणि बदललेली यादी त्याआधी मला पाठव, एसएमपीएसच्या पुढे मॉडेलचं पूर्ण नाव लिहून.

तुझी,
आई