कर घेताना व्यवसाय, तक्रार घेताना खेळ: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना एका स्ट्रीमरचं खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या कामाच्या व्यापात हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेल की नाही, ठाऊक नाही. तरी लिहिते आहे, कारण बाकीचे सगळे दरवाजे ठोठावून झाले.

काल संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया अभिप्राय द्या.' खाली पाच तारे. माझं चॅनल अजून चोरांच्याच ताब्यात आहे. माझे सगळे व्हिडिओ गायब आहेत आणि माझ्या नावाच्या जागी कुठल्याशा परदेशी आभासी नाण्याचं (क्रिप्टोचं) नाव झळकतंय. मग निकाल लागला तो कशाचा, हे त्या संदेशात नव्हतं. माझा अभिप्राय पाच ताऱ्यांत मावेना, म्हणून हे पत्र.

मी मराठीतून गेम स्ट्रीमिंग करते, म्हणजे गेम खेळता खेळता तो लोकांना इंटरनेटवर थेट दाखवते. रात्री साडेनऊला लाइव्ह यायचं, मध्यरात्र उलटेपर्यंत खेळायचं, खेळता खेळता चॅट वाचायचं, उत्तरं द्यायची. बघणारे लाखांत नव्हते, पण जे होते ते रोजचे होते. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत डोकावणारी एक नर्स. स्पर्धा परीक्षेची पोरं, जी 'ताई, आज दोनच मॅच बघणार' म्हणायची आणि शेवटपर्यंत बसायची. अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला एक दादा, ज्याने स्वतः कधी गेम खेळला नाही, पण कुठल्या घराच्या गच्चीवर शत्रू दबा धरून बसतो हे त्याला माझ्याहून चांगलं कळायचं. शनिवारी कस्टम रूम, म्हणजे फक्त आमच्या माणसांचा खासगी सामना, लावायचो. आयडी-पासवर्ड चॅटमध्ये पडला की बघता बघता जागा भरायच्या, आणि गेममध्ये उतरल्या उतरल्या जो ताईला टिपेल त्याचा आठवडाभर मान. आपल्याला हे किरकोळ वाटेल. वाटू दे.

चोरी कशी होते, हे आपल्या खात्याला माहीत असणारच. जाहिरातदाराच्या नावाने मेल येतो, सोबत गेमच्या डेमोची फाइल असते. त्यातला प्रोग्रॅम ब्राउझरमधली लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही आत आल्याची खूण साठवणारी छोटी फाइल, उचलून नेतो. मग पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, कारण यंत्रणेच्या लेखी तुम्ही आधीच आत असता. पुढे चॅनलचं नाव बदलतं, व्हिडिओ लपवले जातात आणि कुण्या परदेशी अब्जाधीशाची जुनी मुलाखत 'लाइव्ह' म्हणून फिरायला लागते. शेजारी क्यूआर कोड: जितकी नाणी पाठवाल त्याच्या दुप्पट परत.

माझ्या माणसांना मोबाइलवर सूचना गेली की ताई लाइव्ह आली. ती नेहमीसारखी आली. माझे मॉडरेटर, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारी पोरं, चॅटमध्ये जिवाच्या आकांताने लिहीत होते, 'ही ताई नाही, पैसे पाठवू नका.' चोराने त्यांना एकेक करून बॅन केलं आणि शेवटी चॅटच बंद करून टाकलं. यातला एक मॉड कॉलेजात शिकतो. एक पैसा न घेता वर्षानुवर्षं त्याने आमच्या चॅटमधली घाण उपसली. स्वयंचलित फिल्टरला रोमन लिपीतली मराठी शिवी ओळखता येत नाही. या पोराला ती पहिल्या तीन अक्षरांत कळते. त्याला त्याच्याच अंगणातून हुसकावलं गेलं. फोनवर तो रडत होता आणि मला त्याला सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. दुसऱ्या एका पोराने कॉलेजच्या फीसाठी साठवलेले पैसे त्या कोडवर पाठवले. 'ताई दाखवतेय म्हणजे खरंच असेल,' असं वाटलं म्हणे त्याला. माझ्या विश्वासावर कुणीतरी दरोडा घातला आणि त्याची झळ त्या पोराला बसली.

मग पोलीस ठाणं. पहिला प्रश्न: 'म्हणजे गेम चोरीला गेला का?' दुसरा: 'हे सगळं घरच्यांना माहीत आहे?' माझं वय, माझं उत्पन्न, माझ्या घराचा हप्ता कोण भरतं, यातलं काही विचारलं नाही. घरच्यांना माहीत आहे का, एवढंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दलचं 66 सी हे कलम मीच सांगितलं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे हेही मीच सांगितलं. अर्जाची प्रत हातात आली. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी', नुकसानीच्या रकान्यात 'निरंक'. मी म्हटलं, साहेब, मी स्ट्रीमर आहे, माझी रोजची कमाई बंद पडलीय. तर म्हणाले, 'बँकेतून रक्कम गेली का? नाही ना? मग निरंकच.' 1930 हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी, आणि पैसे माझे गेले नाहीत, प्रेक्षकांचे गेले. म्हणजे त्यांनी स्वतंत्र तक्रार करायची. तो फीवाला पोरगा वडिलांना सांगायलाही घाबरतोय, तो ठाण्यात जाईल?

पोलीस हा राज्याचा विषय आहे, असं उत्तर आपल्याकडे तयार असेल. ठीक. मग आपल्याच विषयाचं बोलू.

2021 च्या आपल्या नियमांत समाजमाध्यम कंपन्यांसाठी लिहिलं गेलं: तक्रार आल्यावर 24 तासांत पोच, 15 दिवसांत निकाल. केवढा दिलासा वाटला होता तेव्हा! प्रत्यक्षात ज्या कंपनीवर माझं चॅनल होतं, तिचा फॉर्म म्हणतो, चॅनलला जोडलेल्या ईमेलवरून तक्रार करा. ते ईमेल चोराने पहिल्याच दिवशी बदललं. दुसऱ्या ईमेलवरून लिहिलं तर इंग्रजीतला साच्यातला मजकूर येतो: तुम्ही या चॅनलचे मालक असल्याचं आम्हाला पडताळता आलं नाही. माझा चेहरा, माझा आवाज, इतक्या वर्षांचे व्हिडिओ, प्रेक्षकांच्या वर्गणीचा (मेंबरशिपचा) हिशेब, त्या पैशांवर कापलेला कर, सगळं पाठवलं. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हेसुद्धा कळायला मार्ग नाही.

'सावध राहायला हवं होतं', हे मला खूप जणांनी ऐकवलं. 20 सप्टेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाचं चॅनल असंच हॅक झालं होतं. ज्या चॅनलवर घटनापीठाची सुनावणी दिसायची, त्यावर त्या दिवशी क्रिप्टोची जाहिरात चालली होती. त्यांनाही कुणी विचारलं का हो, घरच्यांना माहीत आहे का म्हणून?

आता खरं दुखणं. बंद करायचं असलं की तुमचं सरकार काय चपळ असतं! 2 सप्टेंबर 2020. एका संध्याकाळी 118 ॲप बंद, त्यात आम्ही खेळायचो तो पबजी मोबाइल हा लढाईचा गेम. सुरक्षेचं कारण होतं, मान्य केलं, गप्प बसलो. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) म्हणून आला, पुन्हा घडी बसवली. 28 जुलै 2022 ला तोही ॲप स्टोअरवरून नाहीसा. आदेश कुठला, कारण काय, आम्हाला बघायलाही मिळालं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69 ए कलमाखालचे बंदीचे आदेश गोपनीय ठेवायची सोय नियमांतच आहे. 2023 च्या मे महिन्यात परतला तो तीन महिन्यांच्या परीक्षेवर. 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास, मोठ्यांना 6 तास. प्रत्येक वेळी निम्मे प्रेक्षक पांगले, प्रत्येक वेळी शून्यातून उभं राहिलो. खेळणाऱ्याचे तास मोजण्याची व्यवस्था होते. चोर माझ्या चॅनलवर किती तास लाइव्ह होता, ते मोजायला कुणी नाही.

पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा तर 20 ऑगस्टला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत आणि 22 ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस! मी त्या कायद्याच्या विरोधात नाही. पैसे लावायच्या ॲपच्या जाहिराती मी आधीपासूनच नाकारत आले, आणि त्या घेणाऱ्यांच्या गाड्या बघून माझाही जळफळाट झालेला आहे. तेव्हा ती दुकानं बंद झाली याचा आनंदच आहे. पण जे तीन दिवसांत कायदा करू शकतात, त्यांना एक चॅनल गोठवता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. येत नाही असं नाही. करायचं नाही.

कारण मनातून तुम्हाला हे काम वाटतच नाही. अपवाद फक्त कर खात्याचा. त्यांना आमची फार कदर. विवरणपत्रात समाजमाध्यमांवर काम करणाऱ्यांसाठी 16021 असा वेगळा कोडच दिलाय. ब्रँडने माइक किंवा हेडफोन ठेवून घ्यायला दिला आणि वर्षाला अशा वस्तूंची किंमत 20,000 च्या वर गेली, तर 1 जुलै 2022 पासून त्यावरही 10 टक्के करकपात. कर खात्याला मी व्यावसायिक आहे, ठाण्यात गृहिणी आहे आणि कंपनीच्या लेखी मी अस्तित्वातच नाही. या तिघांची एकदा आपसांत ओळख करून द्या.

एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी सात गेमरना भेटीला बोलावलं, स्वतः खेळून बघितलं. आमच्या चॅटमध्ये त्या रात्री दिवाळी होती. सातांत एक बाई होती, आणि त्या एकीसाठी माझ्याकडच्या मुली किती ओरडल्या असतील! देशात पन्नास कोटी गेमर आहेत, असं तर प्रत्येक परिषदेत कुणी ना कुणी सांगतं. मोजले कुणी, देव जाणे. पण भाषणात पन्नास कोटी असलेले लोक तक्रारीच्या खिडकीशी एकेकटे का पडतात?

आणि ज्या रस्त्याने हे सगळं चालतं तो रस्ता बघा. 2023 च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडच्या वेगाची किमान मर्यादा 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली, तीही डाउनलोडची. सुस्पष्ट स्ट्रीमला 6 एमबीपीएसच्या आसपास अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवायचा वेग, लागतं. अपलोडचा कुणी विचारच केला नाही, कारण जनतेने फक्त बघायचं असतं, दाखवायचं नसतं, असं दिल्लीने ठरवून टाकलंय.

काल तो पाच ताऱ्यांचा संदेश मी नव्या चॅनलवर वाचून दाखवला. हसतील असं वाटलं होतं. चॅट भरून गेलं. एकाने लिहिलं, माझी शिष्यवृत्तीची तक्रार अशीच निकाली निघाली, पैसे अजून नाहीत. दुसऱ्याने पीकविम्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, आमच्या दारातल्या खड्ड्याची तक्रार निकाली निघालीय आणि खड्डा हा इथे, मी आत्ता त्याच्याजवळ उभा आहे. गेम बाजूलाच राहिला, तासभर लोक आपापल्या 'निकाली' तक्रारी टाकत होते. साहेब, तुमच्या डॅशबोर्डवर निकाली तक्रारींचे जे नव्वद-पंचाण्णव टक्के हिरवे दिसतात ना, ते असे होतात. तक्रार सोडवण्यापेक्षा बंद करणं सोपं, आणि बंद केलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही की बाई गं, तुझं काम झालं का?

मागणं थोडंच आहे. चॅनल चोरीला गेल्याची तक्रार आली की कंपनीने 24 तासांत ते निदान गोठवावं, खरा मालक कोण ते नंतर सावकाश ठरवा. तक्रार करणाऱ्याची नग्न चित्रं 24 तासांत हटवायची तरतूद तुम्ही 2021 मध्येच केलीत, म्हणजे घाई करवून घेता येते. अर्ज चोराच्या ईमेलवरून करायची अट काढायला लावा. आणि मराठीत बोलणारा एक जिवंत माणूस फोनवर ठेवा. त्या मुलाच्या फीचं काय ते मी आणि चॅटमधली मंडळी मिळून बघतोय. ते तुमच्याकडे मागत नाही.

नव्या चॅनलवर मी रोज रात्री साडेनऊला असते. कधी सवड झाली तर बघायला या. फक्त स्वतःच्या नावाने येऊ नका. मंत्र्यांच्या नावाची खोटी खाती आमच्याकडे सारखी येतात आणि माझा मॉड त्यांना लागलीच उडवतो.

आपली,
16021 या कोडखाली विवरणपत्र भरणारी एक 'गृहिणी'