निळा धूर दिसताच इंजिन उघडू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्पोर्ट्स कारमधून धूर दिसला की थेट इंजिन उघडण्याचा सल्ला देणाऱ्या मेकॅनिकांविषयी हे पत्र आहे. पोर्शच्या ९११ किंवा बॉक्स्टरमध्ये सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडे ऑइल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपते आणि सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन क्षणात विरतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर आधी ऑइलची वाफ वेगळी करणारा सेपरेटर तपासावा. त्याचा पडदा फाटला की इंजिन क्रँककेसमधले (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचातले) ऑइल खेचून जाळू लागते. गाडी सुरू ठेवून ऑइलचे झाकण उघडून पाहावे: ते आतून ओढल्यासारखे घट्ट बसले असेल, तर संशय बळावतो. हा भाग बदलण्याचा खर्च इंजिनाच्या मानाने किरकोळच.

बराच वेळ आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू) ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर आला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा. जोर लावताना सतत येत राहिला, तर रिंगांचा. धूर नसूनही ऑइल घटत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ओल शोधावी. इंजिन उघडण्यापूर्वी लीक-डाउन चाचणीचे (सिलिंडरमध्ये दाबाने भरलेली हवा किती निसटते हे मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे लेखी मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

आपला,
एक वाचक, पुणे