खुब्याचा पहिला एक्स-रे रुग्णाच्या हाती द्या

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. ज्यांना खुब्याचा सांधा बदलणं कधीच परवडलं नसतं, अशी माणसं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आज आपल्या पायांनी चालत घरी जातात. याचं मोल मी रोज बघतो, म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेबद्दल लिहितो आहे.

त्यात डॉक्टर बघतात ते ओटीपोटाच्या हाडात बसवलेली वाटी किती कलली आहे. ३० ते ५० अंशांचा कल आणि पुढच्या बाजूला ५ ते २५ अंशांचं वळण, ही सुरक्षित मर्यादा १९७८पासून सांगितली जाते. मर्यादेत बसलेल्या वाटीतूनही मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवलेला गोळा निखळू शकतो, कारण माणूस बसला की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि वाटीची दिशा बदलते. पण वाटी फार उभी बसली, तर भार कडेवर येऊन झीज वाढते. मांडीच्या हाडातला दांडा सरळ गेला का, दोन्ही पायांची लांबी जुळली का, हेही त्यातच दिसतं.

मात्र एक्स-रे नीट निघायला हवा. दोन्ही खुबे एकाच फिल्मवर हवेत, दांड्याचं टोक कापलं जाता कामा नये, रुग्ण एका कुशीकडे कललेला नको. जरा कलला तरी वाटीचा कोन वेगळाच दिसतो. दुसरीकडून आलेल्या जुन्या फिल्म बघतो, तेव्हा बरेचदा एकच खुबा असतो आणि टोक गायब. बसवलेल्या गोळ्याचा व्यास, म्हणजे २८, ३२ की ३६ मिलिमीटर, ठाऊक असला तर फिल्मवरची मापं खऱ्या मापात आणता येतात. तो आकडा इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, स्टिकरवर असतो, आणि स्टिकर फाइलमध्ये.

चार-पाच वर्षांनी रुग्ण मांडी दुखते म्हणून येतो. दांडा काही मिलिमीटर खाली सरकला असेल, तर ते पहिल्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. तो हाताशी नसला की डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं, आणि वेदना रुग्ण सोसतो.

धातूवर धातू फिरणारा ‘एएसआर’ सांधा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यात वाटी फार उभी असली, की झीज वाढून रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम वाढायचं. आपल्या देशात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार १,०८० रुग्णांचाच माग लागला. आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे हे सांगणारा कागद बाकीच्यांच्या घरात असता, तर त्यातले कितीतरी स्वतःहून पुढे आले असते.

साहेब, एक परिपत्रक काढा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, घरी सोडताना रुग्णाला दोन्ही खुब्यांचा पूर्ण एक्स-रे डिजिटल प्रतीत द्यावा, सोबत स्टिकरची प्रत आणि वाटीचा मोजलेला कोन मराठीत लिहून द्यावा. सहा आठवड्यांनी आणि वर्षाने तसाच एक्स-रे मोफत व्हावा. टेक्निशियन मंडळींना खुब्याच्या एक्स-रेचं एका दिवसाचं प्रशिक्षण द्या. जिल्ह्यात शिकवायला मी रजेच्या दिवशीही येईन.

आपला,
एक एक्स-रे टेक्निशियन