दुप्पट उत्पादन, पण कशाच्या दुप्पट?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर नवा वाण, नवं खत, नवं जैविक औषध यांच्या बातम्या नेमाने येतात आणि मी त्या नेमाने वाचतो, त्यामुळे हे पत्र तक्रारीचं असलं तरी रागाचं नाही. पण या बातम्यांचा आता एक साचाच पडलाय. अमुक संशोधकांनी वाण काढला, उत्पादन दुप्पट, कीड लागत नाही, पाणी कमी लागतं, सोबत कणसं हातात धरलेला हसरा फोटो, झालं. आता दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हे काही बातमीत सापडत नाही.

आणि सगळी गोम तिथेच असते हो. नव्या वाणाची तुलना शेजारच्या प्लॉटमधल्या चालू, चांगल्या वाणाशी केली, दोघांना खत सारखं, पाणी सारखं, पेरणी एकाच दिवशी, तर त्या आकड्याला अर्थ आहे. पण बऱ्याचदा तुलना होते ती सगळ्या भागाच्या सरासरीशी, म्हणजे ज्यात कोरडवाहू आलं, उशिरा पेरलेलं आलं, गारपिटीने झोपलेलं पण आलं. आणि दुसऱ्या बाजूला कोण, तर प्रयोगाचा प्लॉट, ज्याच्याकडे रोज कोणीतरी वही घेऊन बघतंय. असं असेल तर जुना वाण लावला असता तरी सरासरीच्या पुढेच गेला असता!

त्यात परत प्लॉट केवढा हेही कोणी लिहीत नाही. समजा दहा चौरस मीटरचा प्लॉट आहे. हेक्टरचा आकडा काढायला वजनाला हजाराने गुणायचं, म्हणजे तोलताना शंभर ग्रॅमची चूक झाली की हेक्टरी शंभर किलोची चूक झाली. शिवाय प्लॉटच्या कडेच्या ओळींना ऊन जास्त, जागा जास्त, त्या जोमदारच दिसतात, म्हणून नीट प्रयोग करणारे कडेच्या ओळी सोडून आतलंच पीक मोजतात. फोटो मात्र कडेला उभं राहूनच काढलेला असतो. (फोटोग्राफरचा दोष नाही, आत शिरला तर पीक तुडवेल.)

शेतात सगळीकडे जमीन सारखी नसते, एका कोपऱ्यात पाणी साचतं, एका बाजूला मुरूम वर आलेला असतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीतच असतं. मग चांगला वाण चांगल्या कोपऱ्यात पडला की वाण चांगला का कोपरा चांगला, कसं कळणार? याचं उत्तर संख्याशास्त्रात आलं ते शेतातूनच आलं हे मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1919 मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा गणिती आला, तिथल्या कित्येक वर्षांच्या वह्या बघायला, आणि त्यातून त्याने मांडलं की प्रत्येक वाण अनेक प्लॉटमध्ये लावा आणि कुठला वाण कुठल्या प्लॉटमध्ये जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवा, स्वतःच्या मनाने ठरवू नका. आज औषधांच्या चाचण्यासुद्धा याच तत्त्वावर होतात. तेव्हा बातमीत निदान 'किती प्लॉट, किती ठिकाणी, किती हंगाम' एवढं तरी यायला काय हरकत आहे?

हंगामाचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. एक हंगाम म्हणजे काहीच नाही. रोथॅमस्टेडमध्येच ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 च्या शरद ऋतूत गहू पेरला आणि तो प्रयोग आजही चालू आहे. जॉन लॉज हा त्याचा मालक, आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः खताचा कारखानदार, सुपरफॉस्फेटचं पेटंट त्याने 1842 मध्ये घेतलेलं. तरी त्याने एक पट्टा बिनखताचा ठेवला आणि तो त्याच्यानंतरही तसाच राहिला. त्या पट्ट्यात अजूनही हेक्टरी साधारण एक टन गहू येतो. ज्याला खत विकायचंय त्याने बिनखताचा पट्टा राखून ठेवायचा, याला मी संशोधन म्हणतो.

तिथलंच अजून एक उदाहरण, बार्लीच्या शेतातलं. एका पट्ट्याला 1852 ते 1871 दरवर्षी शेणखत घातलं आणि मग बंद केलं, त्यानंतर कधीच घातलं नाही. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही त्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणातून मातीत राहणारा कार्बन), कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या पट्ट्यापेक्षा जास्त निघतो. म्हणजे पणजोबाने घातलेलं शेणखत पणतूच्या माती परीक्षणात दिसतंय. आणि उलटंही आहे, तिथल्याच गवताच्या प्रयोगात, जो 1856 ला सुरू झाला, काही प्लॉटना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे नत्राचं खत घातलं, सुरुवातीला गवत झकास आलं, पण चुना न दिलेल्या भागात जमिनीचा सामू (पीएच, जितका कमी तितकी जमीन आम्ल) उतरत उतरत चारच्या खाली गेला आणि जिथे बिनखताच्या प्लॉटमध्ये गवत आणि रानझाडं मिळून तीसचाळीस प्रकार आहेत तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पहिल्या दोन-तीन वर्षांची बातमी छापली असती तर 'अमोनियम सल्फेटने कुरण बहरले' अशीच आली असती, आणि ती खोटीही नसती.

आता सुपीकतेच्या बातम्यांकडे वळतो, कारण हल्ली त्यांचा पूर आलाय. 'एका हंगामात सेंद्रिय कर्ब वाढवा', बाटलीतलं काहीतरी, एकरी लिटरभर. जरा हिशोब करून बघा, कॅल्क्युलेटरही लागत नाही. एक हेक्टर जमीन, वरचा वीस सेंटीमीटरचा थर, त्या मातीचं वजन साधारण 2600 टन होतं. त्यात कर्ब 0.5 टक्क्यावरून 0.6 टक्के करायचा म्हणजे 2.6 टन शुद्ध कर्ब जमिनीत टिकून राहायला हवा, आणि आपण जे काडीकचरा, शेणखत घालतो त्यातला बराचसा कर्ब जिवाणू खाऊन हवेत सोडतात, म्हणजे घालायला लागणार कितीतरी पट जास्त. बाटलीत तो येणार कुठून? जिवाणू खतांना मी नावं ठेवत नाही, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठीतले रायझोबियम हवेतलं नत्र पकडतात हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी 1886 मध्येच दाखवून दिलंय आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण नत्र पकडणं वेगळं आणि कर्ब वाढवणं वेगळं, बातमीत दोन्हीची खिचडी होते.

किडींच्या बातम्यांत तर अजून एक भानगड आहे, की इथे आजचा खरा आकडा उद्या खोटा होतो, कारण समोरची पार्टी पण शिकत असते. भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांचंच घ्या. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1973 मध्ये आयआर 26 हा तुडतुड्यांना दाद न देणारा वाण दिला, आणि तीन-चार वर्षांत त्याच वाणावर जगणारे तुडतुडे तयार झाले. फवारणीचंही तसंच. फवारल्यावर तीन दिवसांनी मोजलं तर कीड खल्लास, बातमी तयार. पण तुडतुड्याची अंडी असतात पानाच्या आवरणाच्या आत, ती वाचतात, आणि मरतात कोण तर उघड्यावर फिरणारे, तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक. महिन्याभराने बघितलं तर तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त! इंडोनेशियात हे इतकं झालं की 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतात उतरून कीड आणि मित्रकीटक मोजायला शिकवलं. भाताचं उत्पादन काही कोसळलं नाही. तिसऱ्या दिवशी मोजायचं का तिसाव्या, एवढ्यावर निष्कर्ष उलटा होतो, आणि आपण तेच विचारत नाही.

कापसाच्या गुलाबी बोंडअळीचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे, पण त्यातली एक बाजू पेपरात कमी येते. भारतात बीटी कापूस, म्हणजे ज्याच्या झाडातच अळी मारणारं प्रथिन तयार होतं तो, 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा, म्हणजे अशी दोन प्रथिनं बनवणारा, 2006 मध्ये. 2010 पर्यंत बोंडअळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नाही हे उघड झालं आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही. मग 'तंत्रज्ञान फेल' अशा हेडलाइन आल्या. पण साधारण तेच तंत्रज्ञान अमेरिकेतल्या ॲरिझोनात होतं, तिथे आधी बिगर बीटीच्या पट्ट्या कटाक्षाने लावल्या (तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारवाल्यांशी जुळतात आणि प्रतिकार पसरत नाही), 2006 पासून वंध्य पतंग सोडले, आणि 2018 मध्ये त्यांनी आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात अजून मजेशीर, तिथे बीटी आणि बिगर बीटीच्या संकराची दुसरी पिढी पेरायची पद्धत पडली, त्यात मेंडेलच्या नियमाने पाव झाडं आपोआप बिगर बीटी निघतात, म्हणजे वेगळी पट्टी लावायला कोणाच्या पाया पडायला नको, आणि तिथे अळीचा प्रतिकार वाढायच्या ऐवजी कमी झाला. आपल्याकडे बिगर बीटीचं पाकीट वेगळं मिळायचं आणि बांधावरच राहायचं. तंत्रज्ञान तेच, फरक वापरण्यात, आणि वापरण्याची बातमी कोणी करत नाही कारण तिला फोटो नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शेती संशोधनाची बातमी करताना तुमच्या वार्ताहराने संशोधकाला तुलना कोणाशी केली ते विचारावं, किती ठिकाणी किती हंगाम ते विचारावं, कीड असेल तर मोजणी कधी केली तेही, आणि मिळालेलं उत्तर बातमीतच छापावं, भले ते 'एकच हंगाम' असो. चांगल्या संशोधकाला हे प्रश्न आवडतात, उलट तोच सांगायला उतावीळ असतो, पण त्याचं ते वाक्य जागेअभावी उडतं. ज्याला नाही आवडले त्याची बातमी दोन वर्षांनी केली तरी चालेल, पळून जात नाही.

अजून एक, जमलं तर. पाच-सात वर्षांपूर्वी ज्या वाणांच्या आणि खतांच्या बातम्या तुम्ही पहिल्या पानावर घेतल्या त्यांचं पुढे काय झालं, किती टिकले, किती कोणी लावत नाही, हे वर्षातून एकदा छापा. जुने अंक तुमच्याकडेच आहेत, त्यामुळे त्यासाठी बाहेर जायचीही गरज नाही.

आपला,
शेतीचं पान आधी उघडणारा एक वाचक