हातवाऱ्यांचे गेम: खोक्यावरचं चित्र नको, आतला सेन्सर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की बॅट हलवून टीव्हीवर क्रिकेट खेळायचे संच बाजारात मांडले जातात. शाळेसाठी किंवा गावच्या व्यायामशाळेसाठी कॅमेऱ्यासमोर उभं राहून खेळायचा संच घ्यावा का, अशीही विचारणा होते. मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचा आमचा धंदा असल्यामुळे ही सगळी यंत्रं आतून माहीत आहेत. हे खरंच कामाचं आहे की नुसतं फॅड, याला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण 'मोशन' या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

स्वस्तातल्या बॅटपासून सुरुवात करतो. मागचे स्क्रू काढले की आत एक छोटी पट्टी, सेलची जागा आणि करंगळीच्या नखाएवढी नळी दिसते. त्या नळीत बारीक स्प्रिंग असते. बॅट हलली की स्प्रिंग नळीच्या भिंतीला टेकते, सर्किट जुळतं आणि टीव्हीतल्या खेळाला एवढंच कळतं की बटण दाबलं गेलं. कव्हर ड्राइव्ह होता की स्वीप, जोरात मारला की हळू, याची त्या बॅटला खबरच नसते. हे दुकानातच तपासता येतं. बॅट स्थिर धरायची आणि तिच्या पाठीवर टिचकी मारायची. धावा निघाल्या तर आत स्प्रिंगच आहे. पावसाळ्यात तिच्यावर गंज चढला की बॅट मुकी होते. आदळआपटीत ती वाकली की नळीला चिकटून बसते आणि पडद्यावरचा फलंदाज आपणहून बॅट फिरवत सुटतो. दुरुस्ती किरकोळ आहे, पण अशा बॅटच्या खोक्यावर 'थ्रीडी मोशन' छापणं ही सरळ फसवणूक आहे असं आमचं मत आहे.

खऱ्या मोशन रिमोटची गोष्ट वेगळी. निन्टेंडो या जपानी कंपनीचा वी (Wii) हा टीव्हीला जोडायचा गेमचा संच नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि पुढे दहा कोटींहून जास्त विकला गेला. त्याच्या रिमोटमध्ये ॲक्सिलरोमीटर होता. हा सेन्सर हाताचा हिसका आणि पृथ्वीची ओढ दोन्ही एकत्रच मोजतो. टेबलावर सपाट ठेवून रिमोट हळू फिरवला तर त्याला जवळपास काहीच कळत नाही, कारण खालची ओढ बदललेलीच नसते. त्यामुळे पहिल्या टेनिसच्या खेळात हात पूर्ण फिरवायची गरज पडत नव्हती, खाटेवर पडून मनगट झटकलं तरी भागायचं. वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप २००९ मध्ये मोशनप्लस नावाच्या वेगळ्या जोडातून आला, तेव्हा कुठे मनगट किती वळलं हे यंत्राला नीट कळू लागलं.

याच रिमोटबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी असतात आणि त्यांना बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. पट्टी गेली की रिमोट, हे तपासायचं असेल तर टीव्हीपुढे वीतभर अंतरावर दोन पणत्या लावा. पडद्यावरची खूण चालू लागली तर पट्टी बिघडली आहे. हे तपासणीपुरतंच, पणत्या टीव्हीपुढे तशाच ठेवू नयेत. उलट, शेजारच्या देवळीत समई किंवा जुना पिवळा बल्ब जळत असेल तर खूण थरथरते. रिमोट दुरुस्तीला आणण्याआधी ती बत्ती बंद करून बघावी.

मोकळ्या हातांनी खेळायचा किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमच्या संचाला जोडायचा कॅमेरा, नोव्हेंबर २०१० मध्ये आला. या सगळ्यांत तो हुशार, पण आपल्याकडच्या घरांत तोच सर्वांत अडचणीचा. तो इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी समोर फेकतो आणि ठिपके कुठे सरकले यावरून अंतर काढतो. एकट्याला सुमारे सहा फूट, दोघांना आठ फूट मागे उभं राहावं लागतं. खोली दहा बाय दहाची, त्यात टीव्हीचं टेबल दीड फूट आणि समोरच्या भिंतीला दिवाण तीन फूट. उरले साडेपाच. छपरीत नेला तर ऊन आडवं येतं, कारण उन्हातच इन्फ्रारेड इतकं असतं की ठिपके त्यात बुडून जातात. कवेलूच्या फटीतला कवडसा अंगावर पडला तरी पडद्यावरचा हात भलतीकडे जातो. दार-खिडक्या लावून घ्याव्यात तर मे महिन्यात चंद्रपूर, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली उड्या कोण मारणार? म्हणजे ऐन सुटीत हा खेळ भल्या सकाळी किंवा दिवेलागणीनंतरच. साडी किंवा लुंगी असेल तर कॅमेऱ्याला दोन पाय वेगळे ओळखणं जड जातं. महिला बचत गटाला व्यायामासाठी हा संच सुचवणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं. त्यातून त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, त्यामुळे बाजारात फिरतो तो वापरलेलाच माल. जुन्या जाड एक्सबॉक्स ३६० ला किनेक्टसाठी वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पुढच्या बारीक मॉडेलला लागत नाही. जुना संच घेताना तो अडॅप्टर सोबत आहे का, हे आधी बघा.

खेड्यात मोशन कंट्रोल सर्वांत जास्त चालतो तो मोबाइलवर, आणि तिथे तो निखालस कामाचा आहे. बीजीएमआयसारख्या बंदुकीच्या खेळात मोठं वळण अंगठ्यानं घ्यायचं आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) उघडल्यावर उरलेली बारीक दुरुस्ती फोन किंचित कलवून करायची. घामट अंगठा काचेवर अडकतो, मनगट अडकत नाही. सेटिंगमध्ये जायरोस्कोप आधी फक्त स्कोपपुरता चालू करा. निशाण लक्ष्याच्या पुढे निघून जात असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, मागे राहत असेल तर वाढवा. एका वेळी एकाच स्कोपचा आकडा बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. हात बसेपर्यंत खेळ आधीपेक्षा वाईट होतो आणि पुष्कळ मुलं नेमकी तिथेच सोडून देतात.

अडचण अशी की कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये जायरो नसतोच, किंवा 'व्हर्च्युअल' असतो, म्हणजे इतर सेन्सरवरून बांधलेला अंदाज. यूट्यूबवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावा, फोन उभा धरा आणि जागच्या जागी सावकाश गिरकी घ्या. दृश्य सोबत सफाईनं वळलं तर जायरो आहे. अडखळत मागून आलं तर अंदाजाचा कारभार, हललंच नाही तर काहीच नाही.

उन्हाळ्यात 'निशाण आपोआप सरकतं' ही तक्रार वाढते. जायरोमध्ये सतत थरथरणारा सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भाग असतो आणि तापमान बदललं की त्याचा शून्य सरकतो. चार्जिंगला लावून तापलेल्या खोलीत खेळलं तर हे होणारच. चार्जर आणि कव्हर काढा, फोन सावलीत निवू द्या, मग सपाट टेबलावर न हलवता ठेवून कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सरचा शून्य पुन्हा जुळवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि मग दुरुस्ती महागात पडते. आणि एसटीत बसून खेळायचं असेल तर जायरो बंदच ठेवा. गाडी वळली की फोन वळतो आणि फोनसोबत निशाणही.

बटणाची जागा मात्र हातवारे घेऊ शकत नाहीत. किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. ती वाचणं, शरीर ओळखणं आणि टीव्हीचा स्वतःचा उशीर धरून सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात जवळपास चार मीटर पुढे येतो. शिवाय चेंडू लागल्याचा धक्का हाताला बसत नाही. टायमिंग शिकवण्यासाठी म्हणून हे संच घेऊ नयेत, त्यासाठी मैदान आणि लाकडी बॅटच हवी.

जिथे शरीर हलवणं हाच हेतू असतो तिथे मात्र हे तंत्र चांगलं जमतं. वीच्या बॅलन्स बोर्डात, म्हणजे वर उभं राहायच्या पाटात, चार कोपऱ्यांत वजनाचे सेन्सर आहेत. लकवा झालेल्या माणसाचा भार कोणत्या पायावर जास्त पडतो हे त्याला स्वतःला पडद्यावर दिसतं, म्हणून फिजिओथेरपीत तो वापरला गेला. ग्रामीण रुग्णालयांत अशा वापराचा विचार मनोरंजनाच्या आधी व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

शाळा किंवा ग्रामपंचायत पैसे खर्च करणारच असेल, तर विक्रेत्याला जिथे संच बसवायचा त्याच खोलीत, भर दुपारी, दार उघडं ठेवून चालवून दाखवायला सांगावं. समोर दोन मुलं आणि एक साडीतल्या बाई उभ्या कराव्यात. मध्येच मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा, कारण लाईन जाणार हे धरूनच चालायचं. संच पुन्हा जुळायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघावं आणि मगच बिलावर सही करावी.

आपले,
मोबाइल व टीव्ही दुरुस्ती करणारे काही वाचक,
जि. वर्धा