चि. मनूस पत्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "देवळं आणि किल्ले सोडून तुम्ही दोघं चर्च काय बघत फिरताय?" घाईत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे चर्च म्हटलं की गोरा साहेब नाहीतर पोर्तुगीज शिपाई डोळ्यांपुढे येतो. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, माणसांचा छळ केला, ते झाकायचं कारण नाही. पण या देशातली ख्रिस्ती परंपरा म्हणजे तेवढंच, असं धरून चालणं मला अन्यायाचं वाटतं. केरळात कोट्टायमच्या वलियपळ्ळी या जुन्या चर्चमध्ये दगडी क्रूस आहेत, त्यांच्या कडेने पहलवी या जुन्या इराणी लिपीतली अक्षरं कोरलेली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, त्याच्या कित्येक शतकं आधीपासून मलबारात ख्रिस्ती लोक नांदत होते. त्यांची उपासना सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत चाले आणि त्यांच्या चर्चमधली समई आपल्या देवघरात शोभावी अशी, फक्त टोकाला क्रूस.

मला खरं तुला सांगायचंय ते श्रीरामपूरबद्दल. आपल्या नगरचं नव्हे, बंगालमधलं, हुगळीकाठचं. १८०० साली विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी तिथे राहायला गेला, कारण ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते, व्यापारात अडचण नको म्हणून. राज्यकर्ते आणि मिशनरी एकाच माळेचे मणी, असं आपण सहज बोलून जातो, पण इथे कंपनीनेच दार लावून घेतलं होतं.

हा केरी मूळचा चांभारकाम करणारा. त्याने तिथे छापखाना काढला, पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, पाडले आणि त्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचं व्याकरण बाहेर पडलं. १८१० साली मोडी टायपातला मराठी कोश आणि पाठोपाठ बायबलचा नवा करार मराठीत. मदतीला वैजनाथ पंडित होते. मराठी छापायची एवढी खटपट पुण्यामुंबईत नव्हे, बंगालमध्ये चालली होती, आणि एक पंडित आणि एक पाद्री शेजारी बसून ती करत होते. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नसेल. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, वर्षानुवर्षं लिहिलेली हस्तलिखितं जळाली. त्यांनी वितळलेलं शिसं गोळा केलं, पुन्हा टाइप ओतले आणि काम सुरू केलं.

केरीची कबर गावातच आहे. नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि त्यानेच सांगून ठेवलेली एक ओळ, की मी एक दीनदुबळा किडा, तुझ्या कृपाळू बाहूंत पडतो आहे. कोश, व्याकरणं, १८१८ साली काढलेलं कॉलेज, कशाचाही उल्लेख नाही. मी बराच वेळ तिथून हलले नाही. बाबा रिक्षावाल्याला थांबवून ठेवत होते.

आणि घराजवळचं बघ. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलीबायकांना त्यांनी तिथे आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि त्याचे खिळे मिशनातल्या बायकांनीच जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, पुस्तक त्यांच्या पश्चात निघालं. त्यांच्याकडे फक्त समाजसुधारक म्हणून बघायचं आणि श्रद्धेचा भाग अवघडून गाळायचा, हे मला पटत नाही. त्या श्रद्धेनेच त्यांच्याकडून हे सगळं करवून घेतलं.

दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस मोकळा ठेव, केडगावला जाऊ. मग वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांनी तो १७३९ साली जिंकला हे तुला पाठ आहे. मला तुला दाखवायचेत ते आतल्या पडक्या चर्चचे अवशेष, आणि सांगायचंय गोन्सालो गार्सिया या वसईच्याच मुलाबद्दल, ज्याला १५९७ साली जपानमध्ये, नागासाकीला, क्रुसावर चढवलं.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
आई