बाबा, पांढरं कार्ड आता आड येत नाही

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर सरकारच्या फुकट उपचारांच्या योजनेचा विषय काढला की बाबा "बघूया गं नंतर" करतात आणि मग बोलणं चवथीच्या सामानावर जातं, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. आई, तू त्यांना वाचून दाखव.

बाबा, तुमच्या डोक्यात अजून जुना नियम बसलाय. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असेल तरच हॉस्पिटलच्या खर्चाची ही महात्मा फुले योजना, आपलं पांढरं, म्हणजे वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर, आपल्याला काही नाही. तेव्हा ते खरंच होतं. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनासुद्धा फक्त विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांतच मिळायचं, आपला सिंधुदुर्ग त्यात नव्हता. पण कोरोनात, मे 2020 मध्ये, सरकारने ही अट काढली आणि राज्यातल्या सगळ्यांनाच योजनेत घेतलं. आधी 31 जुलै 2020 पर्यंत म्हणाले, मग मुदत वाढवत नेली. दुसरं करणार तरी काय होते, दुकानं बंद, पगार बंद, आणि कागदावर लाखाच्या वर कमावणारा माणूस हॉस्पिटलच्या बिलात आठवड्याभरात रिकामा होत होता.

त्याच पावसात तुम्ही ॲडमिट झालात आणि आईच्या नावावरची एफडी मोडली. ते हॉस्पिटल योजनेत होतं की नव्हतं कोण जाणे, नसेलही, पण तिथे कोणी रेशनकार्ड आहे का म्हणून विचारलंसुद्धा नाही आणि तुम्हीही पांढरं म्हणून ते घरीच ठेवलंत. मला त्याचा राग अजून येतो. तुमचा नाही हो बाबा. नियम बदलला की तो बांद्यातल्या घरापर्यंत पोचवायचा कोणी, याचा.

आता ते तात्पुरतं राहिलेलं नाही. 2023 मध्ये निर्णय झाला आणि 1 जुलै 2024 पासून रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, योजना लागू आहे, आणि कुटुंबाच्या उपचारांची वर्षाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झालीय. शिवाय केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 ला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं, त्यात उत्पन्न विचारतच नाहीत, आधारवरचं वय बघतात. बाबा, तुम्ही 73 चे, म्हणजे हे तुमचंच. आईला अजून सत्तर व्हायची आहेत, तिचं रेशनकार्डावरच करायचं.

मी इथे म्हापशात असून तुमची नावं आमच्या दीनदयाळ कार्डावर, म्हणजे गोवा सरकारच्या उपचार योजनेच्या कार्डावर, का घालत नाही असं आई मागे म्हणाली होती. नाही घालता येत गं. ते गोव्यात निदान पाच वर्षं राहणाऱ्यांसाठीच आहे. आणि काही झालं की गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं ही आपली सगळ्यांची सवय, पण 1 जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे पैसे लागायला लागले हे तुम्हाला ठाऊकच आहे, केवढी बोंबाबोंब झाली होती दोडामार्गात. म्हणून मला हे आयुष्मानचं कार्ड हवंय. ते दुसऱ्या राज्यातही चालतं, हॉस्पिटल फक्त त्यांच्या यादीत असायला लागतं. म्हणजे उद्या तुम्हाला माझ्याकडे आणून दाखवायचं झालं तर निदान यादी बघून कुठे न्यायचं ते ठरवता येईल.

बाबा, तुम्ही म्हणता गरिबाच्या तोंडचं आपण कशाला घ्यायचं. मला हे तुमचं बोलणं आवडतं, खरंच. पण तुम्ही कार्ड काढलं म्हणून कोणा गरिबाचं कार्ड रद्द होत नाही. आणि चाळीस वर्षं दुकान चालवून जे साठवलंय ते एका ऑपरेशनमध्ये गेलं तर आपणच त्या रांगेत उभे राहणार ना. धडधाकट असताना काढायचं असतं हे, ॲडमिट झाल्यावर कागद शोधत पळायचं नाही, तेव्हा आईने एकटीने काय काय करायचं?

तर एवढं करा. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाईन दिसतो का ते सेतूत बघून घ्या, नसेल तर तहसीलमध्ये अर्ज द्या. त्यात आईचं नाव आधारसारखंच आहे ना, तेही बघा. बाबांच्या आधारला मोबाईल लिंक आहे का, ओटीपी त्यावरच येतो. हॉस्पिटलात गेलात तर आधी योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, कुठे बसतो ते विचारायचं. काही अडलं तर 155388 आणि 14555 हे दोन्ही नंबर फ्रीजवर लिहून ठेवा.

रविवारी आम्ही येतोच आहोत, बाबांचं वय वंदना मी मोबाईलवरूनच करून टाकेन. बाबा, आधार तेवढं कपाटातून काढून ठेवा, आणि त्या दिवशी बाजारात जाऊन बसू नका.

तुमची,
बाय